पाळी संपते कधी?

'वर्क-लाइफ बॅलन्स' हा शब्द आपल्याला प्लेसमेंटच्या दिवसांपासूनच ऐकू येतो. मराठीत आपण त्याला 'समतोल' म्हणतो. पण समतोल म्हटलं की तराजू आला, आणि तो सांभाळायचा कुणी? एकट्या कर्मचाऱ्याने. गिरणी कामगारांकडे याहून नेमका शब्द होता: पाळी. माझी वेळ संपली, आता दुसऱ्याची सुरू. भोंगा झाला की माणूस मोकळा.

हे मोकळेपण आपोआप मिळालेलं नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून मागण्या मांडल्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, आणि पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. रविवारची सुट्टी मान्य व्हायला १० जून १८९० उजाडला. आम्हा ख्रिस्ती लोकांचा तो मिस्साचा दिवस, तर गिरणीतल्या अनेकांचा खंडोबाचा वार. पुढच्याच वर्षी पोप तेरावे लिओ यांनीही आपल्या परिपत्रकात कामगाराच्या विश्रांतीचा हक्क मांडला. कारणं वेगळी असली तरी सगळे एकाच दिवशी मोकळे झाले. लग्न, सभा, भेटीगाठी त्यामुळेच जमतात.

आता सुरतकडे या. माझा मामेभाऊ हजिऱ्याच्या एका प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर आहे. प्लांट ट्रिप झाला की रात्री दोनलाही फोन. दादा रविवारी चर्चमध्ये येतो, पण मोबाइल उलटा ठेवून त्याच्याकडेच बघत बसतो. मामी म्हणते, "हा घरी येतो, पण सुटत नाही."

असं का होतं? १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, जादा कामाला दुप्पट दर ठेवला. मात्र देखरेख किंवा व्यवस्थापनाच्या पदांना यातून वगळण्याची मुभा राज्य सरकारांना दिली. त्यामुळे मशीन चालवणाऱ्याचे तास हजेरीत मोजले जातात. 'असिस्टंट मॅनेजर' झालेल्या इंजिनिअरचे बहुतेकदा कुणीच मोजत नाही. पद वाढतं आणि भोंगा बंद होतो. गुजरातने तर २०२५ मध्ये कारखान्यांसाठी दिवसाची मर्यादा १२ तासांपर्यंत नेली. आठवड्याचे ४८ तास तेवढे कायम ठेवले.

फ्रान्समध्ये २०१७ पासून, कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलपासून दूर राहण्याच्या हक्कावर मोठ्या कंपन्यांना कर्मचाऱ्यांशी वाटाघाट करावी लागते. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये असंच खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. त्याचा कायदा झाला नाही.

मग आपण काय करायचं? योगा, ध्यान, छंद जरूर करा. पण रात्री दोनचा फोन ध्यानाने थांबत नाही. तो कुणी घ्यायचा याची पाळी लावावी लागते. म्हणून नेमणूकपत्रावर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा: आठवड्याचे तास किती? 'ऑन कॉल'ची पाळी किती जणांत फिरते? सुट्टीच्या दिवशी काम पडलं तर बदली सुट्टी मिळते का? आणि हे एकट्याने विचारू नका, बॅचच्या सगळ्यांनी मिळून विचारा. लोखंड्यांनीही रविवार एकट्यासाठी मागितला नव्हता.