गुण कोणी दिले?

स्वमग्न मुलांच्या आईबापांना चुंबकीय मेंदू-उत्तेजनाची, म्हणजे टीएमएसची, आशा लावून पॅकेजे विकण्याचा जो व्यवहार आज मोठ्या शहरांतून राजरोस चालू आहे, त्याचा पुरता अनुभव आमच्या पदरी पडला असल्यामुळे, आणि ज्या डॉक्टरांनी तो आमच्या पदरी घातला त्यांनी माझ्या लेखी अर्जाला अद्याप एका ओळीचाही जबाब दिलेला नसल्यामुळे, ही हकीकत इतर पालकांपुढे ठेवणे मी माझे कर्तव्य समजते.

हे तंत्र मुळात खोटे नव्हे. १९८५ साली शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी, कवटीला धक्का न लावता, बाहेरून चुंबकीय स्पंद देऊन मेंदू उत्तेजित करता येतो हे सिद्ध केले. अमेरिकेच्या एफडीएने २००८ साली औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी आणि २०१८ साली ओसीडीसाठी त्याला मान्यता दिली. स्वमग्नतेसाठी मात्र तशी मान्यता नाही. काही छोट्या अभ्यासांत थोडी सुधारणा दिसली हे खरे. परंतु टोरांटो येथील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत खरे उत्तेजन घेणारे आणि लटके उत्तेजन घेणारे तरुण यांच्या कार्यकारी क्षमतेत एकंदरीने लक्षणीय फरक आढळला नाही. या इतिहासाचा पूर्वार्ध आम्हांस त्या डॉक्टरांच्या उपचार केंद्रात सविस्तर ऐकविण्यात आला. उत्तरार्ध मला स्वतः शोधून वाचावा लागला.

पहिल्याच भेटीत मी विचारले होते की मुलाचे नेमके कोणते लक्षण कमी होणार आणि ते मोजणार कसे. उत्तर मिळाले, "ताई, तुम्ही फक्त विश्वास ठेवा." आकडीचा धोका मी विचारल्यावरच सांगण्यात आला, आणि तसे वाक्य मी संमतिपत्राच्या समासात स्वहस्ते लिहून त्याखाली तारीख घातली, हे येथे मुद्दाम नमूद करते. डोक्याशी धरून चुंबकीय स्पंद देणाऱ्या कॉइलचा टकटक आवाज कानठळ्या बसविणारा असतो. मिक्सर सुरू झाला की कान दाबून घेणाऱ्या माझ्या मुलासाठी इअरप्लगसुद्धा मागून घ्यावे लागले.

परंतु खरा प्रकार उघडकीस आला तो शेवटच्या भेटीत. स्वमग्नता मोजण्याच्या आयएसएए या मापनपट्टीत चाळीस विधाने असतात, प्रत्येकास १ ते ५ गुण असतात, आणि बेरीज जितकी कमी तितकी लक्षणे सौम्य. ही पट्टी पालकांची मुलाखत आणि मुलाचे निरीक्षण यांवरून भरावयाची असते. आम्ही खुर्चीवर बसण्यापूर्वीच ती भरून तयार होती. बेरीज चांगली उतरली होती, डॉक्टर अभिनंदन करीत होते, आणि मी एकेक ओळ वाचीत होते. समवयस्कांशी संबंध टिकविता येत नाहीत, या विधानापुढचा आकडा ४ वरून २ वर आला होता. त्या संपूर्ण काळात माझ्या मुलाच्या दुपारी त्या केंद्रातच गेल्या होत्या; तो एकाही समवयस्क मुलास भेटला नव्हता. मग हे २ गुण कोणी दिले, कशावरून दिले, असे मी विचारताच डॉक्टर म्हणाले, "आईला बदल उशिरा जाणवतात, ताई. आणखी एक पॅकेज घ्या, म्हणजे तुम्हांलाही दिसेल." विद्यार्थ्याने स्वतःची उत्तरपत्रिका स्वतःच तपासावी, तसला तो कारभार होता, आणि त्या कागदाच्या बळावर आमच्याकडून पुन्हा पैसे मागितले जात होते.

तेव्हा या वाटेने जाणाऱ्यांस माझे सांगणे असे.

हा उपचार आहे की प्रयोग, हे लेखी मागा. प्रयोग असल्यास सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतला नोंदणी क्रमांक विचारा, आणि प्रयोगाचा खर्च सहभागी व्यक्तीकडून घ्यावयाचा नसतो, असे आयसीएमआरची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, हे ध्यानात ठेवा.

स्वमग्न मुलांत अपस्माराचे प्रमाण मुळात अधिक असते. म्हणून पूर्वीची आकडी, चालू औषधे, डोक्यातील धातू किंवा कॉक्लिअर इम्प्लांट यांची चौकशी न करता जो कॉइल लावतो, त्याच्याकडून तत्काळ परत फिरा. हाताचा अंगठा स्पंदाच्या ज्या किमान जोराने हलतो त्यावरून मात्रा ठरवितात; ते माप तुमच्या मुलाचे घेतले काय, आणि कागदावर चढविले काय, हे पाहा.

स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी बंद करू नका. संपूर्ण रक्कम आगाऊ भरू नका. पावत्या जपून ठेवा. धीर सोडू नका, आणि गोड बोलण्याला भुलू नका.

वैद्यकीय कागदपत्रे मागितल्यास ती ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्यास २ वर्षांची मुदत असते. आमच्या अर्जावर मौन पाळणाऱ्यांनी या दोन्ही गोष्टी मला पाठ करावयास लावल्या.

सर्वांत महत्त्वाचे हे की, उपचारापूर्वीचे आणि नंतरचे मापन, त्या केंद्राशी पैशाचा कसलाही संबंध नसलेल्या मानसशास्त्रज्ञाकडून करवून घ्या. पहिला हप्ता भरण्याआधी एवढेच विचारा: सुधारणा झाली की नाही, हे कोण ठरविणार? "आम्हीच" असे उत्तर आले, तर मुलाचा हात धरून उठा.