वसईचा किल्ला : सहलीपूर्वीचा पाठ



सहलीनंतरचे निबंध तपासताना मी एकदा फार खिन्न झालो होतो. सर्व वह्यांत जवळजवळ एकच वाक्य होते : ‘किल्ला फार जुना व भव्य आहे.’ दोष मुलांचा नव्हता. त्या वर्गाचा शिक्षक मीच होतो, आणि काय पाहावयाचे हे मी त्यांस सांगितलेच नव्हते.

भिवंडी तालुक्यातील शाळांना वसईचा किल्ला परका नाही. आपल्या कामवारी नदीचे पाणी ज्या खाडीवाटे समुद्रास मिळते, तिच्या मुखाशीच तो उभा आहे. ही वाट मुलांकडून नकाशावर बोटाने गिरवून घ्यावी. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई मिळाल्यावर पोर्तुगीजांनी नेमकी तेथे तटबंदी का उभारली, हे मग मुलेच सांगतील.

वज्रेश्वरीचे देऊळ तर पुष्कळांनी पाहिलेले असते. वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी देवीस नवस केला व मे १७३९ मधील विजयानंतर तो फेडला, अशी परंपरा आहे. ज्या तटासाठी हा नवस झाला तो आता पाहावयाचा आहे, एवढे सांगितले तरी मुले सावरून बसतात. चावी, बादली, पाव, पगार, घमेले हे शब्द फळ्यावर लिहून ते पोर्तुगीजांकडून आले असेही सांगावे. घमेल्याचे नाव ऐकून वर्ग हसतो, हसू द्यावा.

जमिनीकडील दरवाजाने आत शिरून बंदराकडील दरवाजाने बाहेर पडावे. मनोऱ्याच्या अरुंद जिन्यावर मुलांना सोडू नये. पडक्या चर्चांत पायाखाली अक्षरे कोरलेल्या शिळा आढळतात. त्या थडग्यांवरील आहेत. त्यांवर उड्या मारू देऊ नयेत. पोर्तुगीज सत्तेने केलेली बळजबरी झाकू नये, तसाच मराठ्यांचा पराक्रमही मोकळेपणाने सांगावा. परंतु वसईचे ख्रिस्ती लोक मराठीच्याच बोली बोलतात, आणि आपल्या वर्गातही एखादा ख्रिस्ती विद्यार्थी असेल. पावणेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या सत्तेचा जाब त्या मुलाकडे पाहून विचारला जात आहे, असे त्यास क्षणभरही वाटता कामा नये. याबाबतीत आपली जीभ सहज घसरते.

परतल्यावर निबंध देऊ नये. पाहिलेली एकच वस्तू काढावयास सांगून तिच्याखाली एक प्रश्न लिहून घ्यावा. एका मुलीने बंदराजवळच्या कोळ्यांच्या होड्या काढून विचारले होते, ‘पोर्तुगीज असताना समुद्रात जावयास कोणाची परवानगी लागे?’ तिच्या त्या प्रश्नामुळे गलबतांना घ्याव्या लागणाऱ्या ‘कार्ताज’ नावाच्या पोर्तुगीज परवान्याचा पाठ मला प्रथमच तयार करावा लागला.