मत्स्यजिऱ्यांचा पहिला घास

मुलांनो, घरी कॅटफिश आणला की पाकिटावरचं बारीक अक्षर वाचून पाहा. 'अमेरिकेत वाढवलेला' असं लिहिलं असेल, तर तो बहुधा मिसिसिपी, अलाबामा किंवा आर्कान्सा राज्यातल्या एखाद्या तळ्यातला असतो. मिसिसिपीतलं बेल्झोनी गाव तर स्वतःला 'जगाची कॅटफिश राजधानी' म्हणवून घेतं! मोठ्या माशांना तिथे सोयाबीन आणि मक्याच्या तरंगत्या गोळ्या घालतात. पण अंड्यातून नुकतंच बाहेर पडलेलं पिल्लू एवढी गोळी गिळणार कशी?

मराठीत या पिल्लांना छान नावं आहेत. अगदी नवी ती मत्स्यजिरे, आणि बोटाएवढी झाली की बोटुकली. (आई-बाबांनो, हे शब्द आपल्यापैकी बऱ्याच जणांना नवे असतील. मुलांबरोबर आपणही शिकू या.)

मत्स्यजिरे पहिले काही दिवस पोटाला चिकटलेल्या बलकावर जगतात. बलक संपला की खायलाच हवं, आणि तेव्हा तोंडात मावेल असा घास मिळाला नाही तर ती फार दिवस तग धरत नाहीत. कॅटफिशच्या पिल्लांना आधी आठवडाभर टाकीत बारीक पीठ देतात, मग तळ्यात सोडतात. त्यानंतर काही आठवडे ती वर दिसतच नाहीत. शेतकऱ्याला दिसतं फक्त हिरवट पाणी. खाली पिल्लं जगली की मेली, हे कळायला मार्ग नसतो. त्या दिवसांत त्यांना पोसतात ते पाण्यात तरंगणारे इवलेसे प्राणी. त्यांना म्हणतात प्राणीप्लवंग.

गोड्या पाण्यात यांचे तीन प्रकार मुख्य. रोटिफर सगळ्यांत लहान, बहुतेक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही छोटे. मग डॅफ्निया आणि मोइना; त्या पिसवांसारख्या टुणटुण उड्या मारतात, म्हणून आपण त्यांना पाणपिसू म्हणू. तिसरे कोपेपॉड. मिसिसिपीतल्या स्टोनव्हिल येथील संशोधन केंद्रात असं दिसून आलं, की कॅटफिशची पिल्लं मोठ्या पाणपिसवा आणि कोपेपॉड निवडून खातात. रोटिफर त्यांच्या दृष्टीने फारच लहान घास. उलट ज्या माशांच्या पिल्लांचं तोंड अगदीच चिमुकलं असतं, त्यांना सुरुवातीला रोटिफरच हवेत.

आता या घासात असतं काय ते पाहू. पाणपिसूच्या अंगात बरंचसं पाणीच असतं. ते वाळवून काढून टाकलं, तर उरलेल्यात सुमारे निम्मी प्रथिनं असतात. स्निग्धांश मात्र वयावर ठरतो: मोठ्या मादीत २० ते २७ टक्के, पिल्लात फक्त ४ ते ६ टक्के. शिवाय पाणपिसू म्हणजे एक डबाच, बरं का! तिने जे खाल्लं तेच माशाला मिळतं. चांगलं हिरवं शेवाळ खाल्लं तर डबा भरलेला. पाण्यात नुसतं निळं-हिरवं शेवाळ माजलं तर डबा जवळजवळ रिकामा. तेव्हा सगळंच हिरवं पाणी चांगलं, असं समजू नका.

बाळाच्या दुधाच्या डब्यावर 'डीएचए' ही अक्षरं आई-बाबांनी वाचली असतील. हा स्निग्ध पदार्थ कोपेपॉडमध्ये चांगला असतो, पाणपिसवांत फार कमी. समुद्रातल्या माशांच्या पिल्लांना तो अन्नातूनच मिळावा लागतो. गोड्या पाण्यातले पुष्कळ मासे मात्र साध्या स्निग्धांशातून तो स्वतःच थोडाफार बनवू शकतात, म्हणून त्यांचं पाणपिसवांवर भागतं.

महाराष्ट्रात रोहू, कटला, मृगळ यांची पिल्लं सोडण्याआधी तळ्यात शेणखत घालतात. खतावर शेवाळ वाढतं, शेवाळावर प्राणीप्लवंग. मग ५० लिटर पाणी बारीक जाळीतून गाळतात. तळाशी १ ते २ मिलिलिटर प्लवंग साचले, की जेवण तयार आहे असं समजून पिल्लं सोडतात. चमचाभरसुद्धा नाही, पण त्यावर सगळा हंगाम अवलंबून असतो!

प्रत्येक प्लवंग खाण्याजोगा असतोच असं मात्र नाही. १९८० च्या दशकात युरोपातून आलेल्या जहाजांच्या पाण्याबरोबर एक काटेरी पाणपिसू इथल्या पंचमहासरोवरांत शिरली. तिची शेपटी लांब काट्यासारखी असते, त्यामुळे लहान माशांना ती गिळता येत नाही. वर तीच साध्या पाणपिसवा खाऊन टाकते. म्हणजे पिल्लांच्या ताटातलं अन्नही गेलं आणि जे उरलं ते घशात अडकणारं.

घरी पाहायचं असेल तर मोठ्यांना बरोबर घेऊन जवळच्या तळ्यातलं पाणी काचेच्या बरणीत आणा आणि भिंगातून बघा. पाणपिसूचं अंग पारदर्शक असतं. पाठीशी धडधडणारं हृदय दिसेल आणि खाल्लेल्या शेवाळाची हिरवी रेषही. बरणीत नळाचं पाणी घालू नका, त्यातल्या क्लोरीनने त्या मरतात. बघून झालं की पाणी आणलं त्याच तळ्यात परत सोडा, दुसऱ्या तळ्यात नको. आणि पाणपिसूचं चित्र काढून, तिचे भाग मराठीत लिहून पुढच्या वर्गाला आणा.