बाळाला खरोखरच वावडे आहे का?

बाळाला सहा महिने पूर्ण झाले, उष्टावण झाले, की पुढच्या महिना-दीड महिन्यात माझ्याकडे ठरावीक तक्रारी येऊ लागतात. ‘‘याला अंडं सोसत नाही.’’ ‘‘हिला दूध बाधतं.’’ ‘‘नाचणी दिली तर जुलाब झाले, बंद केली.’’ आईच्या नजरेवर माझा विश्वास असतो. परंतु ‘बाधले’ या एका शब्दात आपण तीन-चार निरनिराळ्या गोष्टी कोंबतो आणि त्यांत खरी अॅलर्जी थोड्याच वेळा निघते.

अॅलर्जी म्हणजे वावडे. शरीराची संरक्षक यंत्रणा अन्नातील एखाद्या प्रथिनाला शत्रू समजते आणि त्याच्यावर तुटून पडते. न पचणे ही गोष्ट निराळी. तिथे आतड्यातला पाचकरस कमी पडतो, एवढेच. वावडे असेल तर चमचाभर पदार्थही पुरतो. न पचणाऱ्या पदार्थाचा त्रास बहुधा प्रमाणावर अवलंबून असतो.

हे ओळखायचे कसे? मी आईला पहिला प्रश्न घड्याळाचा विचारतो. खाल्ल्यानंतर किती वेळाने झाले? नेहमीची अॅलर्जी काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसते. अंगावर गांध्या उठतात, ओठ व पापण्या सुजतात, उलट्या होतात, कधी खोकला व घरघर सुरू होते. दुसरा प्रश्न असा, की तोच पदार्थ पुन्हा दिल्यावर तेच झाले का? (हा प्रश्न मागच्या अनुभवाविषयी आहे. गांध्या उठल्या असतील तर घरी पुन्हा देऊन पाहू नये.) काल अंडे खाल्ले आणि आज सर्दी झाली, याला अॅलर्जी म्हणत नाहीत. टोमॅटोचे सार किंवा संत्र्याचा रस तोंडाभोवती लागून तेवढीच जागा लाल होते. तो आंबटपणाचा परिणाम असतो. गाजराने शी केशरी होते, बिटाने लाल होते, पालकाचे तुकडे तसेच बाहेर पडतात. यात काही बिघडलेले नसते. आणि याच वयात बाळ रांगू लागते, हाताला लागेल ते तोंडात घालते, त्यामुळे जुलाब होतात. त्याचा आळ मात्र दातांवर किंवा नाचणीवर येतो.

आळ घेऊन पदार्थ बंद करण्याचे परिणाम मी पाहिले आहेत. अकरा महिन्यांची एक मुलगी आजीबरोबर आली होती. वजन साडेसहा किलो. टोमॅटोने तोंड लाल झाले म्हणून टोमॅटो बंद, केळ्याने कफ होतो म्हणून केळे बंद, सर्दीच्या दिवशी दिलेले अंडे बंद, जुलाबाच्या साथीत दूध, दही आणि मूगही बंद. उरली भाताची पेज आणि डाळीवरचे पाणी. एकेका पदार्थाची हकीकत विचारत गेलो, तर एकालाही घड्याळाचा आधार नव्हता. आम्ही सर्व पदार्थ एकामागून एक परत सुरू केले. चौदाव्या महिन्यात तिचे वजन आठ किलो भरले. तिला वावडे कशाचेच नव्हते. ती उपाशी होती.

दुधाबद्दल थोडे सविस्तर सांगतो. जुलाबाच्या आजारानंतर आतड्याचे अस्तर सोलवटलेले असते आणि दुधातली साखर काही दिवस पचत नाही. शी फेसाळ, आंबूस होते, ढुंगण लाल होते. हे दोन-चार आठवड्यांत आपोआप सुधारते. अंगावरचे दूध तर एक दिवसही थांबवू नये. दुधातील प्रथिनाची अॅलर्जी मात्र वेगळी. त्यात गांध्या, वारंवार उलट्या किंवा शीमध्ये रक्ताचे धागे दिसू शकतात. अशा बाळाला गाईऐवजी शेळीचे किंवा म्हशीचे दूध देण्याचा सल्ला शेजारीपाजारी हमखास मिळतो. तो ऐकू नये. ही प्रथिने इतकी सारखी असतात की त्रास बहुधा तसाच होतो. बहुतेक मुलांची ही अॅलर्जी मोठेपणी राहत नाही. दूध पुन्हा केव्हा द्यायचे ते डॉक्टरांनी ठरवावे.

एक प्रकार सहज निसटतो. पदार्थ खाल्ल्यावर एक ते चार तासांनी बाळ भडाभडा उलट्या करते, पांढरेफटक पडते, निपचित होते. गांध्या उठत नाहीत, म्हणून कोणी अॅलर्जी म्हणत नाही. पोट बिघडले म्हणतात. दुधाने तसे होते, तसे भातानेही होऊ शकते. त्याच पदार्थाने दोनदा असे झाले तर डॉक्टरांना जरूर सांगावे.

अॅलर्जीच्या भीतीने अंडे, शेंगदाणे उशिरा द्यावेत, असे पूर्वी सांगत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2000 साली शेंगदाणे तीन वर्षांपर्यंत टाळण्याचा सल्ला दिला आणि 2008 मध्ये तो मागे घेतला. 2015 साली लंडनमधील एका अभ्यासाने तर उलटेच दाखवले. तीव्र इसब किंवा अंड्याची अॅलर्जी असलेल्या 640 बाळांपैकी ज्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ सुरू केले, त्यांच्यात पाचव्या वर्षी ही अॅलर्जी सुमारे ऐंशी टक्क्यांनी कमी आढळली. आपल्या घरात दाण्याचे कूट असतेच. ते अगदी बारीक करून पेजेत किंवा मऊ भातात मिसळावे. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो. बाळाला तीव्र इसब असेल किंवा आधी कशाने गांध्या उठल्या असतील, तर अंडे व दाणे डॉक्टरांना विचारून सुरू करावेत.

असा नवीन पदार्थ सकाळी, बाळ बरे असताना, पाव चमचा द्यावा. एका दिवशी एकच. सोसला तर पुढे आठवड्यातून दोन-तीनदा चालू ठेवावा. गांध्या उठल्या तर मोबाईलवर फोटो काढून ठेवावा, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्या मावळलेल्या असतात.

गव्हाची गोष्ट वेगळी. त्याचा एक आजार असा आहे, की खाल्ल्यावर लगेच काही होत नाही. महिनोन्‌महिने पोट फुगलेले, शी पातळ आणि वजन वाढत नाही. येथे आईने आपणहून गहू बंद करू नये. रक्ताची तपासणी गहू चालू असतानाच करावी लागते. बंद केल्यावर ती खोटा दिलासा देते.

श्वासाला घरघर, आवाज घोगरा, जीभ सुजलेली, किंवा बाळ एकदम ढिले पडले, तर वाट पाहू नये. बाळाला आडवे ठेवावे, 108 ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या रुग्णालयात न्यावे. तिथे मांडीत अॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन देतात. घरातले खाजेचे औषध गांध्या कमी करील. सुजलेला घसा ते मोकळा करीत नाही.