भिजत घोंगडे आणि उडालेली झोप

झोप येत नाही म्हणून दवाखान्यात येणाऱ्यांचा रक्तदाब तपासून झाला की मी एक प्रश्न हमखास विचारतो : ‘हाती घेतलेले कोणते काम अर्धवट राहिले आहे?’ उत्तर बहुधा लगेच मिळते. कोणाच्या घराचे प्लास्टर दोन वर्षे राहिलेले असते, कोणाचे वाटणीचे कागद व्हायचे असतात, तर कोणी निवृत्तीला चार महिने उरले तरी जुन्या फायलींच्या काळजीत असतो.

अशा कामाला आपण भिजत घोंगडे म्हणतो. दिवसा माणूस धावपळीत त्याला विसरतो. रात्री दिवा मालवला की नेमके तेच आठवते. मन सावध होते, छाती धडधडते आणि झोप उडते.

बर्लिन येथे ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ साली या विषयावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पूर्ण झालेल्या कामांपेक्षा मध्येच थांबवलेली कामे लोकांना अधिक आठवली, असे त्यांना दिसले. पुढच्या संशोधनात स्मरणातला हा फरक दर वेळी आढळला नाही. परंतु अर्धवट काम पुन्हा हाती घेण्याची माणसाची ओढ मात्र दिसून आली.

अमेरिकेतील बेलर विद्यापीठाचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग अधिक उपयोगी आहे. त्यात ५७ तरुणांपैकी काहींनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली. इतरांनी झालेली कामे लिहिली. पहिल्या गटाला सरासरी सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली. प्रयोग लहान आणि निरोगी तरुणांवरचा होता हे खरे. पण वही-पेन्सिलीचा हा उपाय करून पाहण्यात तोटा काहीच नाही.

माझ्याकडे एक गृहस्थ झोपेच्या गोळ्या मागायला येत. पत्नी जाऊन वर्ष झाले होते. तिचे बँकेचे कागद तसेच होते, उरलेली औषधेही कपाटात होती. त्यांना मी गोळ्यांऐवजी यादी करायला सांगितले. सोमवारी बँक, बुधवारी मुलीला बोलावून कपाट आवरणे. महिन्याभरात कागद पुरे झाले आणि झोपही बरीच सुधारली. दुःख मात्र राहिले. ते राहणारच, दुःख म्हणजे काही काम नव्हे, त्याला मुदत घालता येत नाही. कामाला घालता येते.

वाचकांनी पुढील गोष्टी कराव्यात :

१) झोपण्यापूर्वी पाच मिनिटे राहिलेली कामे कागदावर उतरवावीत.

२) ‘घर पुरे करणे’ असे लिहू नये. ‘गुरुवारी सकाळी गवंड्याला भेटणे’ असे लिहावे.

३) नोकरीत सुटण्यापूर्वीची दहा मिनिटे टेबल आवरायला ठेवावीत. जे आपल्याच्याने होणार नाही ते वेळीच दुसऱ्याकडे सोपवावे.

४) जे काम आता करायचेच नाही, ते सोडले असे घरच्यांना स्पष्ट सांगावे. विचारपूर्वक सोडलेले कामही संपलेलेच असते.

५) भावाशी अबोला असेल तर आपल्या बाजूने दोन शब्द बोलावेत. तो बोलला नाही, तरी आपले करायचे राहिले ही टोचणी उरत नाही.

सगळी निद्रानाशाची दुखणी यादीने जात नाहीत. आठवड्यातून तीन रात्री झोप उडत असेल आणि असे काही आठवडे चालले असेल, झोपेत मोठ्याने घोरणे व श्वास अडकणे होत असेल, किंवा दोन आठवडे मन सतत उदास असेल, तर डॉक्टरांना भेटावे. जगणे नको वाटत असेल तर त्याच दिवशी घरच्यांना सांगून डॉक्टर गाठावा. दुकानातून परस्पर झोपेच्या गोळ्या आणू नयेत.

आज रात्री एकच काम निवडा. त्याच्यापुढे वार आणि वेळ लिहा, आणि मग दिवा मालवा.