समान पाळी, समान न्याय?

आमचे घर म्हापशात, चिऱ्याच्या जाड भिंतींचे. वाय-फायचे जुने यंत्र पुढच्या खोलीत, माझे टेबल मागच्या पडवीत. धाकट्या भावाची दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. यंत्राशेजारी बसून तो व्याख्यानांच्या चित्रफिती उतरवून घेत होता. मीही पडवीत तेच काम सुरू केले आणि त्याचा वेग एकदम कोसळला. "ताई, तू थांब बघू!" तो ओरडला. मला राग आला. घरात सर्वांत मंद वेग माझा. मग अडथळा माझा कसा? वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी मी, हिशेब मांडून पाहिला.

वाय-फायवर माहिती पुडक्यांतून, म्हणजे पॅकेटांतून जाते. एका वेळी एकच पुडके, म्हणून पाळी लावावी लागते. १५०० बाइटांच्या पुडक्यात १२,००० बिट असतात. सेकंदाला ५४ मेगाबिट वेगाने ते सुमारे ०.२२ मिलिसेकंदात जाते. भिंतीआड वेग ६ मेगाबिटवर उतरला, की त्यालाच २ मिलिसेकंद लागतात. आळीपाळीने एकेक पुडके दिले, तर इतर वेळखर्च सोडूनही दोघांना ५.४ मेगाबिटच मिळतात! पाळी समान, पण दहांतला नऊ हिस्से वेळ मी खात होते. हा दोष २००३ साली फ्रान्समधील ग्रेनोबलच्या संशोधकांनी दाखवून दिला.

उपाय आपल्या खतावणीसारखा आहे. १९९५ मध्ये एम. श्रीधर व जॉर्ज वर्गीस यांनी एक पद्धत मांडली: दर फेरीला प्रत्येक रांगेच्या खाती ठरावीक बाइट जमा करावेत, गेलेले पुडके नावे टाकावे, शिल्लक पुढे ओढावी. तारेवर हे पुरते, कारण तिथे वेग सर्वांना एकच. हवेत मात्र नावे टाकायचा तो वेळ. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने लिनक्स प्रणालीत वेळेचा असा हिशेब बसवून दाखवला.

वेळ निम्मानिम्मा वाटला, तर भावाला २७ मेगाबिट, मला ३. माझे २.४ गेले, त्याचे २१.६ वाढले. हा न्याय मला पटतो. पण पुरता नाही. पडवीत बसणे हा काही माझा गुन्हा नव्हे. पेडण्यात डोंगराआड राहणाराही मोबाइल हाती धरून हेच विचारील. वेळ सारखा वाटावा हे खरे. पण मागे राहिलेल्याचा वेग वाढवणे, हेही न्यायाचेच काम आहे.

तूर्त मी माझे टेबल पुढच्या खोलीत आणले आहे.