कांदा चाळीतील सड ओळखणारे रासायनिक संवेदक

उन्हाळी कांदा एप्रिल-मे महिन्यांत निघतो आणि बऱ्या भावाच्या आशेने दिवाळीपर्यंत चाळीत ठेवला जातो. एवढ्या अवधीत घट, कोंब व सड मिळून मालाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग वाया गेल्याचा अनुभव पुष्कळांना आहे. सड पुष्कळदा ढिगाच्या पोटात सुरू होते. तिची दुर्गंधी बाहेर जाणवेपर्यंत शेजारचे कांदेही पाझरू लागलेले असतात. ही सूचना थोडी आधी मिळाली, तर उरलेला माल वाचविता येतो. रासायनिक संवेदकाचा उपयोग तो हाच.

वास कशाचा येतो?

जंतू व बुरशी कांद्याच्या पेशी फोडतात, तेव्हा गंधकयुक्त द्रव्ये, अल्कोहोल यांसारखे पदार्थ हवेत उडू लागतात. त्यांना बाष्पनशील सेंद्रिय संयुगे म्हणतात. आरंभी त्यांचे प्रमाण इतके अल्प असते की ते आपल्या नाकास उमगत नाही.

संवेदक कसा चालतो?

जपानमधील नाओयोशी तागुची यांनी 1962 साली कथिलाच्या ऑक्साइडचा वायुसंवेदक शोधून काढला. यातील ऑक्साइडचा लहानसा थर विजेवर सुमारे 300 ते 400 अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात. हवेतील प्राणवायू त्यास चिकटतो व त्यातील इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. त्यामुळे विजेस होणारा रोध वाढतो. सडीची बाष्पे आली की ती या प्राणवायूशी संयोग पावतात, इलेक्ट्रॉन मोकळे होतात व रोध उतरतो. हा उतार यंत्र आकड्यात दाखविते.

मात्र बाष्प कोणते, हे एकटा संवेदक सांगू शकत नाही. म्हणून वेगवेगळ्या गुणांचे अनेक संवेदक एकत्र करून त्यांच्या आकड्यांच्या ठेवणीवरून वास ओळखण्याची पद्धत इंग्लंडातील वॉरिक विद्यापीठात पर्सॉड व डॉड यांनी 1982 साली मांडली. हेच ‘इलेक्ट्रॉनिक नाक’ होय.

वापरताना घ्यावयाची काळजी

1. चाळ भरल्यावर, माल निरोगी असतानाच, पहिल्या आठवड्यातील आकडे वहीत नोंदवावे. पुढील तुलना त्यांच्याशीच करावी.

2. एकच यंत्र दाराशी टांगून भागत नाही. प्रत्येक कप्प्यात, ढिगाच्या मध्याजवळ एक असावे.

3. पावसाळी दमट हवा, फवारणीचे औषध, डिझेलचा धूर व ताजा रंग यांनीही आकडा हलतो. सर्व कप्प्यांतील आकडे एकदम चढल्यास प्रथम या कारणांचा शोध घ्यावा.

4. एकाच कप्प्याचा आकडा दोन-तीन दिवस चढत राहिल्यास तो कप्पा उघडून सडका माल निवडून दूर टाकावा.

5. वीज जाऊन आल्यावर यंत्र पुरेसे तापू द्यावे. तोवरचा आकडा नोंदवू नये.

यंत्र सूचना देते, सड थांबवीत नाही. कांदा पातीसह सुकविणे, मान राखून पात कापणे, सावलीत वाळविणे, जोडकांदे, डेंगळे व इजा झालेला माल वेगळा काढणे, आणि ढीग चार-पाच फुटांपेक्षा उंच न करणे, ही कामे पूर्वीप्रमाणेच करावयाची आहेत. ती न करता यंत्र बसविल्यास नुकसानीची वार्ता तेवढी लवकर कळेल. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट यंत्र दाखविण्यापूर्वी शेतकरी बंधूंना समजावून सांगावी.